अर्धा भ

शाहूपुरीतली गुळाची आडत मोडली
तेव्हा तराजू कुणी नेला, गल्ला कुणी नेला,
कीबोर्ड माळ्यावर सुतळीत गुंडाळून पडलेला.
दिवाणजी म्हणाले, न्या तुम्हीच.
भंगारवाला किलोवर घेतो.

अडीच किलो भरला.
रंग कधीतरी पांढरा असेल, आता कढीसारखा,
आणि टोकाला पाच पिनांचं गोल तोंड
जे आता कुठल्याच मशिनीत शिरत नाही.

सोमवारी उद्यमनगरात वीज नसते. लेथ गप्प.
सायकलच्या स्पोकचा आकडा वाकवून
एकेक कळ उपटत बसलो.
खाली गुळाचे खडे, काळे, काचेसारखे टणक,
त्यात मुंग्या, पंचवीस वर्षं जिथल्या तिथं.
तागाचे धागे. एक टाचणी. उदबत्तीची राख.
आणि एक केस, लांब.
तो आधी कागदावर बाजूला ठेवला.
मग वाऱ्यानं गेला.

दोन स्प्रिंगा गंजून तुटलेल्या.
तौफिक शिकलगारनं पेनातल्या कापून बसवल्या,
कानाशी नेऊन वाजवून बघितल्या, म्हणाला,
आवाज जरा पोरगेला येणार, चालतंय का?
चालतंय.

बायकोच्या पार्लरमधनं केस पिवळे करायची क्रीम आणली,
कवचाला फासली, वर प्लास्टिक, गच्चीवर ऊन.
शेजारणीनं कठड्यावरून विचारलं,
सांडगे घातलेत काय हो?
चार दिवसांत कढीचं दूध झालं.

कळा मात्र मी स्पिरिटनं पुसल्या.
घासून, नीट, माझ्या कामाला शोभेल अशा.
कापूस गुलाबी झाला तेव्हा कळलं
मळाखाली अक्षरं होती.
आक्काची. नेलपॉलिशनं,
काडीपेटीच्या काडीनं काढलेली.
मी सगळी पुसून बसलेलो.

गडहिंग्लजला फोन लावला.
आक्का, भ कुठं होता गं?
पलीकडं कुकरची शिट्टी.
आठवत न्हाई रे आता.
मग म्हणाली, थांब. शब्द सांग एक.
भाव, मी म्हटलं.
तिनं फोन ओट्यावर ठेवला
आणि ओट्यावरच टाईप केलं.
बोटांनी आधी सांगितलं, मग ती बोलली:
आपल्याकडं पुरा भ नव्हताच.
शिफ्ट दाबून अर्धा भ, उजव्या पहिल्या बोटानं,
मग दंड, की झाला पुरा.
मग परत तीच कळ, काना.
मग व.

ती कळ माझ्या हातात होती.
मधोमध खड्डा पडलेली, बशीसारखी.
मला वाटलेलं, साच्यातलाच दोष.
आडतीत दिवसाला किती सौदे, किती पट्ट्या,
भाव, भाव, भाव, दर ओळीत दोनदा तिथं बोट.
माझ्या पहिल्या लेथचा पहिला हप्ता
ह्याच खड्ड्यातनं गेलाय.

शब्द देत गेलो. रवा. वजन. हमाली. तोलाई.
घट, येणे, बाकी.
ती ओटा बडवत गेली, मी काडी बुडवत गेलो.
नेलपॉलिश तसलं मिळालं नाही, हे जरा तपकिरी.
ङ आणि ञ सापडलेच नाहीत.
गुळाच्या पट्टीत
त्यांचं कधी काम पडलं नव्हतं.
त्या दोन कळा कोऱ्या ठेवल्या.

रात्री कन्व्हर्टर लावून जोडला.
दिवा लागला, हिरवा.
तो फाँट आता कुठंच नाही,
तरी मी तिनं सांगितल्या बोटांनी भाव लिहिला.
पडद्यावर इंग्रजीतली चार अक्षरं,
ज्यांचा काही अर्थ होत नाही.
फोन चालूच होता.
आक्का ठोके ऐकत होती, मोजत होती बहुतेक.
मी थांबलो.
ती म्हणाली,
शेवटी अजून एक काना दे की.