एल्डन थिबोडोचा असहकार

मेन राज्यातलं आमचं गाव, समुद्रासमोर आखडून बसलेलं.
ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला इथे तिरसटांचा सण असतो.
सरकारी सुट्टी नाही. बँका उघड्या, शाळा चालू.
सहा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या खुर्चीत
मला कंटाळा आला, म्हणून मीच सुरू केला:
पुठ्ठ्याचा मुकुट, लोणच्याच्या काकड्यांची एक बरणी
आणि दिवसभर ज्याला त्याला कुरकुरायची मुभा.

मुकुट दरवर्षी एल्डनचाच.
खिळे, दोर, रंगाचे डबे विकतो तो,
एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.
"दार लावा. अख्खा अटलांटिक तापवायला नाही बसलो मी."
पाद्री आला तर प्रवचन लांबलं,
नाही आला तर, देवालाही या गावाचा कंटाळा आला वाटतं.
माझ्यापाशी मात्र एकच पालुपद.
ऊन असो, बर्फ असो, निवडणूक असो,
अकरा वर्षं:
"तिसरी पायरी, विनी. हलते."

यंदा सकाळी सातला मी मुकुट घेऊन गेले
तर दारातच म्हणाला, "सुप्रभात."
मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणाला ते.
"आज सगळ्यांनाच कुरकुरायचंय.
हौशी लोकांच्या गर्दीत मी नाही शिरत."
आणि हसला.
दात सगळे त्याचेच होते, हेही तेव्हा कळलं.

मग गोड बोलतच सुटला.
बर्नीसच्या कॉफीला छान म्हणाला;
ती आत जाऊन स्वतः चाखून आली.
धुक्यालासुद्धा सुरेख म्हणाला.
दुपारपर्यंत गाव हवालदिल.
डॉक्टर क्विम्बी सहज म्हणून दोन खिळे आणायला गेले,
पैसे देता देता नाडी बघून आले.
कुणीतरी त्याच्या बहिणीला कॅनडात फोन लावला.
बाकीच्यांची कुरकुर चालू होती म्हणा,
कर, गुडघे, हवा,
पण शिकाऊ पोरानं पियानो बडवावा तशी.

संध्याकाळी तो पुस्तक परत करायला आला.
मी वाट पाहत राहिले.
"पायऱ्या छान आहेत," म्हणाला, आणि गेला.

रात्री टॉर्च घेऊन बाहेर आले.
तिसऱ्या पायरीवर उभी राहिले, पहिल्यांदाच, मुद्दाम.
हलत होती.
डावीकडचं लाकूड भिजून पाव झालेलं.
अकरा वर्षं या गावाकडे
एक माणूस नीट बघत होता.
हातोडी आणली. फळी ठोकली. अंगठा ठेचला.
मोठ्यानं शिव्या दिल्या;
मुभा अजून दोन तास होती.

सोळा तारीख. धुकं.
एल्डन पायरीवर, एकेका पायावर भार देत,
मग वाकून, चष्मा कपाळावर चढवून.
"खिळा वाकडा. आणि गंजका.
कोणत्या गाढवानं विकला तुला हा?"
"तूच," मी म्हटलं.

त्यानं असं काही नाक मुरडलं
की समोरच्या खिडकीतून बर्नीसनं ते पाहिलं
आणि गावभर निरोप धाडला:
उतार पडला.