हँगर

पावणेपाचला दार ओढून घेते.
बुटांच्या क्लीट फरशीवर वाजू नयेत म्हणून
बूट हातात धरून जिना उतरते
चोरासारखी. चोरीला जाते ती फक्त झोप,
तीही माझीच.

गंगावेशीत कट्ट्याला म्हशी उभ्या.
धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावायच्या आधी
कुणीतरी ओरडतंच, "ओ ताई, हवा हाय न्हवं चाकात?"
असते हवा.
मातीच्या दिवशी पस्तीस, डांबराच्या दिवशी ऐंशी.
माझ्या आठवड्यात वार हे एवढे दोनच.

शिवाजी पुलावर धुकं. केर्लीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या,
मागं लाल दिवा नाही,
गाणं मात्र फर्लांगभर आधीपासून ऐकू येतं.
त्यालाच मी दिवा मानते.

वाघबीळचा चढ लागला की
वसुलीची यादी, आईचा गुडघा, वरच्या मजल्याची गळती
सगळं पहिल्या वळणापर्यंत सोबत येतं.
दुसऱ्या वळणाला श्वास आणि चेन,
तिसऱ्याला नुसती चेन.

दहाला पतसंस्थेच्या काउंटरवर.
पासबुक सरकवताना बायका माझ्या हातांकडं बघतात:
पंजा गोरा, मनगटापासून कोपरापर्यंत करपलेला.
हातमोजे काढले तरी हातमोजे तसेच.
"काय लागलं ओ हाताला?"
"ऊन."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, मसाई पठारावर,
जांभ्याचा एक खडा उडाला. कट्.
पाय एकदम मोकळे फिरले,
उखळात काही नसताना मुसळ पडावं तसे.
गिअरचा हँगर मोडला होता,
करंगळीएवढा तुकडा.
म्हशी राखणारी एक पोरगी जवळ येऊन उकिडवी बसली.
"मेली व्हय सायकल?"
"न्हाई गं, दमली."
अकरा किलोमीटर ढकलत उतरले.

उद्यमनगरात मुनाफ शिकलगारनं
दोन्ही तुकडे जुळवून व्हर्निअर लावला,
पाकिटाच्या पाठीवर आकडे लिहिले.
"किती पक्का करू?"
म्हटलं, पक्का नकोच.
दणका बसला की यानं आधी मोडायचं,
म्हणजे फ्रेम वाचते. त्यासाठीच असतो हा.
त्यानं मशीन बंद केलं.
"बत्तीस वर्सं झाली," म्हणाला,
"मोडू नये म्हणूनच करालोय सगळं.
मोडावं म्हणून कसं करायचं असतंय?"

तीन केले त्यानं.
पहिला व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली, हातोडीच परत आली.
दुसरा नुसत्या अंगठ्यानं वाकला.
तिसरा बराच वेळ तळहातावर घेऊन बसला,
आणि पैसे घेतले नाहीत.
"माझे व्हॉल्व्ह कुठं जात्यात मला ठावं न्हाई.
पुण्याचा टेम्पो येतोय, घेऊन जातोय.
ह्यो कुठं कुठं जातोय, तेवढं सांगत जावा."

म्हणून सोमवारी संध्याकाळी तिकडून घरी जाते.
दाजीपूरच्या फाट्यापर्यंत गेला, सांगते.
गगनबावड्याला गेला, खाली कोकण होतं, दिसलं नाही.
भुदरगडाच्या पायथ्याला चिखलात रुतला.
तो मशीनमागच्या भिंतीवर खडूनं लिहितो,
जॉब नंबरांच्या खाली,
आणि दर वेळी विचारतो, "मोडला न्हाई अजून?"
"न्हाई."
"मग जास्तच पक्का झालाय," म्हणतो
आणि खट्टू होतो.

परवा कॅनॉलच्या रस्त्यावर पुन्हा एक खडा.
थांबून बघितलं तर जरासा वाकला होता, आतल्या बाजूला.
मुनाफनं कॉटन वेस्टला हात पुसले,
सायकलपाशी गुडघे टेकून अंगठा फिरवला,
पोराच्या पहिल्या दातावरून फिरवावा तसा.
"हां," म्हणाला, "आता जमालंय त्येला."
सरळ करून देऊ का, ते त्यानं विचारलं नाही.
मीही म्हटलं नाही.

चढावर शेवटच्या गिअरला चेन आता कुरकुरते.
राहू दे.
वाघबीळच्या तिसऱ्या वळणाला
बोलायला कुणीतरी झालं.