उपाशीपोटी

मीटरवर एकशे सत्त्याऐंशी.
रात्री साडेसातला अर्धी भाकरी, मेथी,
नंतर पाण्याशिवाय काही नाही. आईशप्पथ.
कुमुद बोलत नाही,
नुसती डबा उघडून बेसनाचे लाडू मोजते.
अकरा. कालही अकराच होते.

मोहोळकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीनला उठून बघा.
उठलो. सगळी बिबवेवाडी गाढ,
खाली वॉचमनचा मोबाईल तेवढा गात होता.
एकशे बारा.
म्हणजे चोरी तीन ते सहाच्या मधली.

"चोर घरचाच," बाई हसल्या. "यकृत.
पहाटे तुम्हाला ताकद लागेल म्हणून
आपणहून साखर सोडतं."

स्वारगेटहून पाच वीसची कंपनीची बस.
एकतीस वर्षं फर्स्ट शिफ्ट,
डिसेंबरात लेथच्या गार हँडलवर आखडलेली बोटं.
ह्याची एक दिवस दांडी नाही.
बिचाऱ्याला कोणी कळवलंच नाही
की शाल-नारळ झाला,
शेडच्या जागी बावीस मजले उभे राहिले.

आता जेवणानंतर सोसायटीला सात फेऱ्या,
रात्रीची एक गोळी वाढलीय.
आज एकशे एकेचाळीस. वहीत लिहिलं.
मग उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हटलं,
झोप रे अजून. बस गेली.

आतून कुमुद :
कोणाशी बोलताय?