एका विडीचं अंतर

फळीवरच्या रेडिओत सकाळचे आठ वाजतात.
मी पान घेते, जर्दा भरते,
वळते, टोक मुडपते, दोरा गुंडाळते,
आणि तेव्हा कुठे
सुपाशेजारी उभ्या केलेल्या फोनमधून
दोह्यात आठ वाजतात.

श्रीहरी म्हणतो, अक्का, इथं साडेपाच झालेत.
मग ते आठ कुणाचे?
आपले की, म्हणतो.

मोबाइलवरचं सोलापूर केंद्र
समुद्र ओलांडून जातं म्हणे, म्हणून उशीर.
समुद्रात रेडिओ भिजत नाही का, मी विचारलं.
हसला.
ते हसणं मात्र लगेच आलं.

एका हॉटेलच्या तळघरात तो टॉवेल धुतो.
पांढरे, काठाला नाव नसलेले.
पहिल्या वर्षी म्हणायचा,
आपल्याकडचा असला तर वासावरून ओळखेन.
आता म्हणतो, साबण सगळ्यांना एकाच गावचं करतो.
कानात एक बोंडी, आणि बोंडीत
बाजार समितीतला कांदा, तुरीचा भाव,
साखर पेठेतल्या शालूंची ती जाहिरात
जी इथं आम्ही कुणी ऐकत नाही.
त्याला पाठ आहे.

उद्या त्रेचाळीस अंश, मी सांगून टाकते.
तो चिडतो:
आधीच कशाला सांगलालीस?
माझं अजून यायचंय.

चैत्रात एकदा लाइट गेली.
रेडिओ गप्प. शेजारचे चार माग गप्प,
इतके गप्प की मागाखाली झोपलेलं पोर
दचकून रडायला लागलं.
फोनमध्ये आमचं सोलापूर चालूच होतं.
श्रीहरीनं दोह्यातून सांगितलं,
अक्का, घरकुलाला पाणी उद्या नाही, आज. साडेआठला.
मी सूप ढकलून उठले.
कळशा, पिंप, पिठाचा रिकामा डबासुद्धा.
गल्लीभर ओरडत गेले, पाणी येणार, पाणी!
सरोजा म्हणाली, लाइट नाही, रेडिओ नाही,
तुला सांगितलं कुणी?
काय सांगणार.
पाचव्या दिवशीचं पाणी, नळाला आधी नुसती हवा,
आणि खबर कतारहून.

पसंतीच्या गाण्यासाठी त्यानं निरोप धाडले होते.
चार रविवार नाव नाही.
पाचव्या रविवारी फळीवरच्या बाई म्हणाल्या,
आणि दोह्याहून श्रीहरी मादगुंडी,
यांनी आपल्या बहिणीसाठी, विडी घरकुल, अनसूया

मी गप्प.

फोन चालूच होता.
तो यंत्राचं काहीतरी सांगत होता,
पट्टा तुटला, नवा सुपरवायझर नेपाळी, माणूस बरा.
मी हूं म्हटलं.
पान घेतलं. जर्दा सांडला. पुन्हा भरला.

सतरा वर्षांत त्याच्यापासून काही लपवलं नाही मी.
आई गेली तेव्हाही लगेच फोन केला,
अंगावर चादर घालायच्या आधी.
तो तळघरात एकटा होता,
हातात कुणाचा तरी ओला टॉवेल.
एक विडीभर तरी
थांबायला हवं होतं मी.

वळलं. मुडपलं. दोरा.
तिकडे पाण्याचा घरघराट,
पट्टा, नेपाळी, पगार दहा तारखेला, आणि मग
वाक्य मधेच पडलं.

अक्का.

एवढंच.
गाणं कोणतं लागलं
ते दोघांनाही आठवत नाही.

सोमवारी कारखान्यात चेकरनं
हजारातली एक विडी उजेडाला धरली.
हिला दोनदा दोरा का गं?
छाटात टाकली.

मी मागून घेतली.