चखणा

कन्ना चौकात सहाला जमायचं होतं.
ऊन अजून भिंतींतून उतरलं नव्हतं,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
आम्ही अकरा जण. दहा जण तिशीच्या आतले,
आणि मी. तिकीट भाचीनं काढलेलं,
आणि ऐन वेळी तिलाच ताप आला.

गाईड चन्नवीर. गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत,
हातात मिटलेली छत्री, दिशा दाखवायला.
"पिला नाहीत तरी चालतंय, मावशी," म्हणाला,
"नुसता वास घ्या. निम्मी बिअर नाकातच असती."

पहिला ग्लास मालदांडीचा.
ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची,
तो सांगत गेला, मी नाक खुपसलं:
आत रिकामं पोतं होतं,
ज्यावर आम्ही पाच भावंडं आडवी झोपायचो.
सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा ठिपका.
पुण्याहून आलेल्या मुलानं भाकरी आधी वाजवून बघितली,
फोटो काढला, मग मोडली.

साखर पेठेतून चाललो.
एका शेडमध्ये एकच माग चालू होता,
खटक खटक, आणि त्याच्या आजूबाजूला
बंद मागांची शांतता, दात पडलेल्या तोंडासारखी.
दुसरा ग्लास डाळिंबाचा, त्याच्याबरोबर सुकं मटण.
मटण मी खाल्लं. ग्लास पुण्याला दिला.

तिसऱ्या ठिकाणी काचेचं दार.
आत टाक्या, इतक्या चकचकीत की
प्रत्येकीत मी वेगळी जाड दिसत होते.
"इथं पूर्वी कसलं तरी दुकान होतं," चन्नवीर म्हणाला.

कसलं तरी.
शिंदीचं होतं. कल्लू म्हणायचे आमच्यात.
दार बदललंय, पायरी तीच आहे, डाव्या कोपऱ्यात खचलेली.
तिथं अम्मा बसायची ताट घेऊन:
उकडलेले हरभरे, शेंगदाणे, अंडी.
अंडं ती सुतानं कापायची, मागाच्या सुतानं,
दोन बोटांत ताणून, एका झटक्यात,
पिवळं जराही न सांडता.
मी शाळेला जाताना पलीकडच्या गल्लीतून जायचे.

"आता ओळखा बघू, ह्याच्यासोबत काय जाईल?"
कुणी म्हणालं चीज. कुणी म्हणालं फ्राइज.
मी म्हणाले, "अंडं. कोमट. चटणीची चिमूट.
आणि मीठ कमी."

"कमी का, मावशी? मीठ तर जरा जास्तच पाहिजे."

पायरीला भाडं नव्हतं.
मालकाची अट एकच होती: मीठ सढळ टाक.
मिठानं तहान लागते, तहानेनं माणूस परत आत जातो.
अम्मा त्याच्यासमोर चिमूट उंच धरायची,
सगळ्यांना दिसेल अशी,
आणि सोडायची निम्मीच.
कुणाच्या घरी किती पोरं, तिला पाठ होतं.
चार पोरांच्या बापाला नुसती चिमटीच दाखवायची.
सकाळपासून बसलेल्याला दहीभात, फुकट,
आणि दोनच शब्द: इंटिकी पो. घरी जा.
जायचेच असं नाही.
आमचेसुद्धा जायचे नाहीत.

हे सगळं मी बोलले की नाही, आठवत नाही.
थोडं बोलले असेन, कारण पुण्याच्या मुलानं
मोबाइल खिशात ठेवला होता.

समोरच्या गाड्यावरून अंडी आली.
सुरी मिळेना. मी पदराचा सुटलेला धागा ओढला.
पहिलं अंडं फिसकटलं.
दुसरंही.
तिसरं नीट झालं.

मग एक घोट घेतला, छप्पन्नाव्या वर्षी.
आंबट. मागून किंचित गोड.
मग नुसतीच तहान.

चन्नवीर वहीत काहीतरी लिहीत होता.
"पुढचं ठिकाण जवळच आहे," म्हणाला,
आणि उजेड उरला नव्हता तरी
माझ्या डोक्यावर छत्री उघडली.