बरोबरची खूण

साखरी नाट्याच्या मच्छीमार सोसायटीत
अकरा दिवस कॉम्प्युटर काळाच उठतो.
चारी कोपऱ्यांत तेच दोन शब्द, सेफ मोड,
आणि मध्ये चिन्हं फुगलेली
चहात पडलेल्या बटरांसारखी.

प्रिंटर नाही, नेट नाही, आवाज नाही.
डिझेलची पावती निघत नाही
म्हणून दारात इक्बाल सोलकर, हातात रिकामा कॅन.
"अजून शुद्धीवर नाय?"

शमीमबाईंनी सगळं करून पाहिलेलं:
बंद करून चालू, वायर काढून फुंकर,
पंख्यातली खारट धूळ दातांच्या जुन्या ब्रशने.
मी राजापूरहून आलो तो नवी डिस्क घेऊन.
लागली नाही.

आतल्या एका चौकटीत, दुसऱ्या पानावर
एक बरोबरची खूण होती.
एवढीच.

"ही कोणी केली?"
बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"मीच. व्हायरस आला त्या रात्री
भाच्याने मस्कतहून फोनवर सांगितलं, कर.
काढ म्हणायच्या आधी त्याचा बॅलन्स संपला."

आणि यंत्र रोज सकाळी
तेवढंच अर्धं ऐकत राहिलं.

खूण काढली. पुन्हा सुरू केलं.
सुरू होतानाचा आवाज इतका मोठा आला
की इक्बालने कॅन खाली ठेवला.
कुणी न सांगता प्रिंटर
तुंबलेलं सगळं ओकू लागला.
पहिलीच पावती 'नूर-ए-दर्या'ची, दोनशे लिटर.
ती तर उधारीच्या डिझेलवर कधीच गेली,
आज दुपारी परतही येईल.

शमीमबाईंनी पावती फाडली नाही.
गरम होती,
थोडा वेळ हातात धरली.