नोंदी ४१ ते ५०

गृहीतक एका ओळीचं होतं:
नदी जितकी लांब येईल, तितका दगड लहान.
कणकुंबी, हब्बनहट्टी, असोगा, खानापूर, पारिश्वाड.
प्रत्येक ठिकाणी पन्नास दगड,
मलप्रभेच्या पोटरीभर पाण्यात उभं राहून
न बघता हात घालायचा, बोटाला लागेल तो उचलायचा.
भरमा मोजायचा. मी लिहायची.

आता भूगोलाच्या खोलीत पंखा गरगरतोय,
कागदांवर पारिश्वाडचाच एक गोटा.
सरासऱ्या पायरी पायरीनं उतरत आल्या:
एकशे बेचाळीस, एकशे सतरा, पंच्याण्णव,
खानापूरला अठ्ठ्याहत्तर.
हलगेकर सर म्हणाले, झ्याक. लिहा निष्कर्ष.

पेन तिथंच अडलं.
खानापूरच्या पहिल्या चाळीस नोंदी
जत्रेतून परतणाऱ्या माणसांसारख्या, कुणी पुढं, कुणी मागं:
एकतीस, एकशे चार, बावन्न, एकशे वीस.
शेवटच्या दहा मात्र
सत्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर,
प्रार्थनेला उभी केलेली पोरं.
आणि अक्षर माझं नव्हतं.
तेवढ्यात मी बसचं विचारायला रस्त्यावर गेले होते.

भरम्या, हे तू उचललास?
तो खोडरबराची पूड फुंकत राहिला.
"उचललो की. खरं ते दगड न्हवते."
मग?
"कौलं. आमच्या भट्टीची. फुटकी आली की आजा नदीत टाकायचा.
ती काय दगड म्हणून लिवायची व्हय?"

रविवारी दोघंच परत गेलो.
पुलाखाली होतीच ती, तांबडी, शेवाळानं बुळबुळीत.
एकावर अर्धा शिक्का. एकच अक्षर उरलेलं,
मी ते मराठीत वाचलं, त्यानं कन्नडमध्ये.
मग कडेवरून अंगठा फिरवला त्यानं, बराच वेळ.
भट्टी बंद पडून अकरा वर्षं.
कड कापत नव्हती.

नवी सरासरी शहाण्णव.
असोग्यापेक्षा एक जास्त.
इतकी सरळ उतरत आलेली रेषा
खानापूरला येऊन गुडघ्यात वाकली.
सर म्हणाले, ते दहा गाळा, नदीचे नव्हेत.
आम्ही आलेखावर दोन ठिपके दिले,
एक भरीव, एक पोकळ,
आणि कुठला खरा ते लिहिलं नाही.

निष्कर्ष तिसऱ्यांदा खोडून लिहिला:
दगड खाली येताना लहान होतो असं या नोंदींवरून दिसतं.
कौलाची कड अकरा वर्षांत बोथट होते,
असं म्हणायला दहा तुकडे पुरत नाहीत.
आम्ही एकदा नोंदी मनानं भरल्या होत्या.

ही शेवटची ओळ सरांनी पेन्सिलीनं अधोरेखित केली,
बाजूला काहीच लिहिलं नाही.

तक्त्यात शेऱ्याचा रकाना रिकामा होता.
भरम्यानं वही ओढून घेतली,
दहाही नोंदींसमोर भट्टीचं नाव लिहिलं,
त्याच बारक्या, नीटस अक्षरात
ज्यात आधी अठ्ठ्याहत्तर होतं.